‘अपशब्द’ : व्याकरणाच्या चुकीकडून वागणुकीच्या चुकीकडे

१. प्रास्ताविक

एखाद्याने ‘अपशब्द वापरला’ असे आपण मराठीत म्हणतो, तेव्हा त्याने शिवी दिली, कोणाचा पाणउतारा केला किंवा बोलण्याची मर्यादा सोडली एवढाच अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात येतो. सभागृहातील गोंधळाची बातमी असो की भाऊबंदकीच्या भांडणातील जबाब असो, हा शब्द याच अर्थाने भेटतो. बोलणाऱ्याने विभक्तीचा प्रत्यय चुकवला किंवा धातूचे रूप चुकीचे चालवले, असा अर्थ आज कोणीही घेणार नाही. संस्कृत व्याकरणपरंपरेत मात्र या शब्दाचा मूळ अर्थ नेमका तोच होता. अपशब्द म्हणजे व्याकरणाच्या नियमांत न बसणारे शब्दरूप. ज्या संज्ञेने एकेकाळी शब्दाचा दोष दाखवला जात होता, त्याच संज्ञेने आज माणसाचा दोष दाखवला जातो.

शब्दाच्या चुकीतून माणसाच्या वागण्याची चूक वाचण्याची ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही. ग्रीक भाषेत वाक्यरचनेच्या चुकीला ‘सोलोइकिस्मॉस’ म्हणत. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, किलिकिया प्रांतात, सोलोई नावाची ग्रीक वसाहत होती. तेथील लोक मूळ भूमीपासून दुरावल्यामुळे बिघडलेले ग्रीक बोलतात, या समजुतीवरून हा शब्द आला, अशी व्युत्पत्ती प्राचीन लेखक देतात. इंग्रजीत आलेला ‘सोलिसिझम’ हा शब्द व्याकरणाच्या चुकीला आणि शिष्टाचाराच्या चुकीला असे दोन्हीकडे लागतो. एका नटाने देवाचे नाव घेताना हात जमिनीकडे केला, तेव्हा पोलेमो नावाच्या वक्त्याने त्याने हाताने व्याकरणाची चूक केली असे म्हटल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. गावाच्या नावावरून चुकीला नाव पडावे आणि ती चूक पुन्हा त्या गावच्या माणसांना चिकटावी, ही घटना आपल्याकडच्या ‘गावंढळ’ या शब्दाची आठवण करून देणारी आहे.

प्रस्तुत लेखात ‘अपशब्द’ या संज्ञेच्या अर्थप्रवासाचा विचार केला आहे. त्यासाठी पतंजलीच्या महाभाष्यातील काही स्थळे, एकोणिसाव्या शतकातील एक वाद, खंडाळा तालुक्यातील नायगावहून लिहिले गेलेले एक पत्र आणि आजच्या महाविद्यालयीन अध्यापनातील प्रश्न असे चार टप्पे घेतले आहेत. व्याकरणाची चूक आणि सामाजिक चूक यांची गल्लत कोठे सुरू होते आणि तिची किंमत कोण मोजतो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. महाभाष्यातील ‘अपशब्द’

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात अपशब्दाची चर्चा येते. या ग्रंथाचे मराठी भाषांतर साताऱ्याच्या अभ्यंकर घराण्यातील वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी केले आणि पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते प्रकाशित केले. त्यामुळे संस्कृत न येणाऱ्या मराठी अभ्यासकालाही ही चर्चा मुळातून पाहता येते.

पतंजलीचे म्हणणे थोडक्यात असे : शुद्ध शब्द थोडे आणि त्यांची बिघडलेली रूपे पुष्कळ असतात. ‘गौः’ हा एक शब्द घेतला तरी त्याची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका अशी अनेक रूपे लोकांच्या तोंडी आहेत. यांपैकी ‘गावी’सारखी रूपे पाली-प्राकृतात प्रत्यक्ष नांदत होती आणि आपल्या मराठीतील ‘गाय’ही याच कुळातील आहे. म्हणजे पतंजलीची व्याख्या काटेकोरपणे लावली तर मराठी माणसाची गाय हाच मुळात अपशब्द ठरतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. शुद्ध शब्दाने आणि अपशब्दाने अर्थ सारखाच कळतो, हे पतंजली मान्य करतो. ‘गावी’ म्हटले तरी ऐकणाऱ्याला गायच समजते. मग शुद्ध शब्दाचा आग्रह कशासाठी? तर धर्मासाठी, पुण्यासाठी. शुद्ध शब्दाच्या ज्ञानपूर्वक वापराने अभ्युदय होतो, हे त्याचे उत्तर आहे. म्हणजे अपशब्दाचा दोष हा अर्थबोधाचा दोष नव्हे. तो योग्यतेचा दोष आहे. भाषेच्या चुकीची सामाजिक चुकीशी सांगड येथेच घातली गेली आहे.

तिचे टोक असुरांच्या कथेत दिसते. ‘हे अरयः’ म्हणजे ‘अहो शत्रूंनो’ असे म्हणण्याऐवजी असुर ‘हेलयः’ असे ओरडले आणि त्यामुळे पराभूत झाले. या कथेच्या आधारे पतंजली अपशब्दाला ‘म्लेच्छ’ म्हणतो आणि आपण म्लेच्छ होऊ नये म्हणून व्याकरण शिकावे, असे सांगतो. ‘र’च्या जागी ‘ल’ उच्चारणे ही ध्वनीची बाब आहे. तिच्यावरून बोलणारा माणूस ‘आपल्यातला’ की ‘बाहेरचा’ हे ठरवणे ही समाजाची बाब आहे. कथेत या दोन बाबी एका श्वासात येतात.

तथापि महाभाष्याची भूमिका एवढीच आहे असे मानणे अन्यायाचे होईल. त्याच आह्निकात ‘यर्वाणस्तर्वाण’ नावाच्या ऋषींची कथा आहे. ‘यद् वा नः, तद् वा नः’ असे म्हणण्याऐवजी हे ज्ञानी ऋषी रोजच्या बोलण्यात ‘यर्वाणः, तर्वाणः’ असे म्हणत आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडले. यज्ञकर्मात मात्र ते असे बोलत नसत. असुरांनी यज्ञकर्मातही अपशब्द वापरला, म्हणून ते पराभूत झाले. तात्पर्य, चूक ही शब्दात नसून शब्द आणि प्रसंग यांच्या संबंधात असते. घरी आणि यज्ञात वेगवेगळे बोलणाऱ्या या ऋषींना पतंजली दोष देत नाही. उलट त्यांच्या ज्ञानाचा गौरवच करतो.

३. सारथ्याने वैयाकरणाला दिलेले उत्तर

महाभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात आलेला एक संवाद या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. एक वैयाकरण विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी उत्तर देतो, मी या रथाचा ‘प्राजिता’. वैयाकरण तत्काळ म्हणतो, हा अपशब्द आहे. त्यावर सारथ्याचे म्हणणे असे की, आपल्याला नियम कोठे लागू होतो ते ठाऊक आहे, पण कोणते रूप लोकांना इष्ट आहे ते ठाऊक नाही. हे रूप इष्टच आहे. निरुत्तर झालेला वैयाकरण चिडून म्हणतो की, या ‘दुरुता’ने, म्हणजे वाईट सूताने, आपल्याला फारच सतावले. सारथी शांतपणे सांगतो की ‘सूत’ शब्दाची आपण समजता ती व्युत्पत्ती चुकीची आहे. निंदाच करायची असेल तर ‘दुःसूत’ म्हणावे.

येथे ‘अपशब्द’ या संज्ञेचे दोन्ही अर्थ एकाच प्रसंगात आमनेसामने उभे राहतात. वैयाकरणाने सारथ्यावर जुन्या अर्थाने अपशब्दाचा आरोप केला. तो टिकला नाही. मग त्याने स्वतः आजच्या मराठी अर्थाने अपशब्द काढला, म्हणजे समोरच्याचा अपमान केला. आणि तो अपमानाचा शब्दही व्याकरणाच्या दृष्टीने चुकीचा निघाला. धर्मशास्त्राने प्रतिलोम मानलेल्या सूताच्या तोंडी हे उत्तर घालणारा पतंजली प्रयोगाला नियमाच्या वर ठेवतो, ही बाब मराठी व्याकरणाच्या वर्गात आवर्जून सांगितली गेली पाहिजे.

पतंजलीने ‘शिष्ट’ कोणाला म्हटले आहे, तेही येथे पाहण्यासारखे आहे. आर्यावर्तात राहणारा, मडकेभर धान्याहून अधिक साठा न करणारा, निर्लोभी असा मनुष्य व्याकरण न शिकताही शुद्ध रूपे वापरताना दिसतो. व्याकरण शिकलेल्याने अशा माणसाला ओळखावे. येथे प्रमाणाचा आधार माणसाच्या प्रयोगात आहे. मात्र तो माणूस विशिष्ट प्रदेशातील आणि विशिष्ट वर्णातीलच असतो, ही त्या विचाराची मर्यादाही नोंदवली पाहिजे.

४. नमस्काराचे व्याकरण

व्याकरणाचा नियमच सामाजिक श्रेणी कशी सांभाळतो, याचे थेट उदाहरण पाणिनीच्या अष्टाध्यायीत, आठव्या अध्यायात आहे. कोणी अभिवादन केले असता उलट आशीर्वाद देताना वाक्याचा शेवटचा स्वर प्लुत, म्हणजे लांबवून उच्चारावा, असा तो नियम आहे. त्याला अपवाद शूद्राचा. पुढे वार्तिककाराने त्यात स्त्रियांचाही अपवाद घातला. म्हणजे शूद्राला आणि स्त्रीला उलट आशीर्वाद देताना स्वर लांबवायचा नाही. स्वराच्या लांबीत दिसणारा हा भेद ध्वनिशास्त्राचा नाही, हे उघड आहे.

व्याकरण शिकण्याची प्रयोजने सांगताना पतंजली याच नियमाचा उपयोग करतो. ज्यांना प्लुत उच्चार माहीत नाही अशा अविद्वानांना, प्रवासाहून परतल्यावर, स्त्रियांना सांगतात त्याप्रमाणे नुसते ‘हा मी आलो’ एवढेच सांगावे. आपल्याला कोणी स्त्रीप्रमाणे वागवू नये म्हणून व्याकरण शिकावे, असा त्याचा निष्कर्ष आहे. व्याकरणाची चूक करणाऱ्याची सामाजिक पायरी उतरते आणि उतरून तो जेथे पोहोचतो ते स्थान स्त्रीचे असते. सुमारे दोन हजार वर्षांनंतर साताऱ्याच्या मातीतील एका स्त्रीने लेखणी हातात घेतली, तेव्हा तिच्यासमोर ही सगळी परंपरा उभी होती, हे लक्षात ठेवूनच पुढील विवेचन करावे लागते.

५. काव्यशास्त्रातील दोष आणि त्याचे अपवाद

अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात काव्यदोषांची यादी दिली आहे. व्याकरणाविरुद्ध असलेल्या रूपाला तो ‘च्युतसंस्कृति’ म्हणतो. याच यादीत ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ हेही दोष आहेत. व्याकरणातून घसरलेला, खेड्यातून आलेला आणि लाज वाटायला लावणारा, असे तीन प्रकारचे शब्द एकाच यादीत शेजारी बसतात. मराठी वाचकाला आज ‘च्युतसंस्कृति’ या शब्दात व्याकरणापेक्षा संस्कृतीच अधिक ऐकू येते, हेही अर्थपूर्ण आहे.

परंतु मम्मट अपवादही सांगतो. दुसऱ्याच्या बोलण्याचे अनुकरण असेल तर हे दोष दोष राहत नाहीत. आणि हलक्या समजल्या गेलेल्या पात्राच्या तोंडी ग्राम्य शब्द हा गुणच ठरतो. हीच वाटणी आधुनिक मराठी कथेनेही दीर्घकाळ सांभाळली. सांगली जिल्ह्यातील माडगूळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या पुस्तकात पात्रे बोलीत बोलतात आणि निवेदक प्रमाण मराठीत सांगतो. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीत ही भिंत पडली. तेथे निवेदनच बोलीत आले. बोलीला पात्राच्या तोंडची सवलत न राहता सांगण्याचा अधिकार मिळाला. मम्मटाच्या अपवादाची गरजच संपवणारी ही घटना होती. ग्रामीण साहित्यावरील आपल्या समीक्षेत बोलीचा विचार बहुधा ‘अस्सलपणा’ या एकाच अंगाने होतो. अधिकाराच्या अंगाने तो पुरेसा झालेला नाही, असे नमूद करावेसे वाटते.

६. मराठीने केलेली शब्दांची वाटणी

संस्कृतातील या संज्ञा मराठीत आल्यावर त्यांचे काय झाले? ‘अपशब्द’ व्याकरणातून बाहेर पडला आणि शिवीच्या अर्थाने स्थिरावला. याचे एक कारण असे संभवते की, पतंजलीच्या अर्थाने अवघी मराठीच अपशब्दांची बनलेली आहे. जेथे सगळेच शब्द अपशब्द, तेथे त्या संज्ञेला व्याकरणात काही काम उरत नाही. तिच्यातील निंदेचा अंश तेवढा शिल्लक राहतो.

‘शिष्ट’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट आणि अधिक गमतीचा आहे. ‘शिष्टाचार’, ‘शिष्टमंडळ’ या समासांत त्याचा मान टिकला. पण ‘तो फार शिष्ट आहे’ असे म्हटले की, तो स्वतःला इतरांपेक्षा वरचा समजतो, असा टोमणा असतो. प्रमाणाचा मानकरी असलेल्या माणसाला लोकभाषेने आपल्या परीने दिलेले हे उत्तर मानता येईल.

‘अपशब्द’ने सोडलेली जागा ‘अशुद्ध’ या शब्दाने घेतली. आपण अशुद्ध भाषा, अशुद्ध उच्चार, अशुद्धलेखन म्हणतो. मात्र ‘शुद्ध-अशुद्ध’ ही जोडी मराठीत व्याकरणापुरती कधीच नव्हती. सोवळे, पाणवठा, विटाळ, प्रायश्चित्त या सगळ्या व्यवहारात ती वावरत होती. ‘भ्रष्ट’ या शब्दाचेही तसेच आहे : शब्द भ्रष्ट होतो, पाठ भ्रष्ट होतो आणि जातीचे नियम मोडणारा माणूसही भ्रष्ट होतो. विसाव्या शतकात ‘भाषाशुद्धी’च्या चळवळीने हीच संज्ञा परकी शब्द काढून टाकण्यासाठी वापरली. अशा रीतीने एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लागू लागला : नियमभंगाला, परकेपणाला आणि विटाळाला. विद्यार्थ्याच्या वहीवर लाल शाईने ‘अशुद्ध’ लिहिणाऱ्याच्या मनात यांपैकी पहिलाच अर्थ असतो. वाचणाऱ्याला मात्र तिन्ही ऐकू येऊ शकतात.

मराठीला तिच्याच भूमीत दुय्यम मानण्याविरुद्धची भूमिका जुनी आहे. महानुभाव पंथाच्या ‘स्मृतिस्थळा’त नागदेवाचार्यांनी संस्कृतात प्रश्न करणाऱ्या शिष्याला, आपल्याला चक्रधरांनी मराठीतच उपदेश केला आहे, असे सांगितल्याचा प्रसंग आहे. परंतु मराठी संस्कृतापुढे प्रतिष्ठित झाल्यावर, मराठीच्या आत कोणती मराठी प्रतिष्ठित, हा प्रश्न शिल्लक राहिला.

७. ‘निबंधमाला’ आणि जोतीराव फुले

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात उघडपणे पुढे आला. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि छापील मराठीला एक चौकट मिळू लागली. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ १८७४ च्या जानेवारीत सुरू झाली. तिच्यातून विष्णुशास्त्र्यांनी सत्यशोधक समाजाच्या अहवालाचा आणि फुले यांच्या लेखनाचा उपहासपूर्ण समाचार घेतला. या टीकेत फुले यांची शब्दरूपे, वाक्यरचना आणि व्याकरण यांची थट्टा मोठ्या प्रमाणावर आहे.

विष्णुशास्त्र्यांचे मराठी गद्यासाठी झालेले कार्य नाकारण्याचे कारण नाही. इंग्रजीच्या दडपणाखाली मराठीला तुच्छ लेखणाऱ्या सुशिक्षितांना त्यांनी स्वभाषेचा अभिमान शिकवला. व्याकरणाचा व्यासंग त्यांच्या घरातच होता. वडील कृष्णशास्त्री यांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहिले होते. म्हणूनच त्यांच्या टीकेचे स्वरूप तपासण्याजोगे आहे. फुले यांच्या पुस्तकात इतिहासाविषयी, धर्मग्रंथांविषयी आणि शूद्रातिशूद्रांच्या स्थितीविषयी काही विधाने होती. ती खोडून काढायची तर पुराव्याने खोडून काढावी लागतात. लेखकाला व्याकरण येत नाही, हे दाखवून विधान खोटे ठरत नाही. परंतु ज्याचे व्याकरण चुकते त्याला बोलण्याचाच अधिकार नाही, ही जुनी धारणा वाचकाच्या मनात असेल, तर तेवढे दाखवणेही पुरेसे होते. महाभाष्यातील वैयाकरणाने सारथ्याच्या बाबतीत हेच केले होते. फरक एवढाच की, तेथे ग्रंथकाराने सारथ्याला उत्तर देऊ दिले.

फुले यांनी व्याकरणाच्या मुद्द्यावर बचाव मांडत न बसता आपले लेखन चालू ठेवले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले, तेव्हा ते नाकारताना त्यांनी मूळ प्रश्नच वेगळ्या जागी नेला. ज्यांच्या ग्रंथांत आणि वागण्यात सर्व माणसांच्या हक्कांना जागा नाही त्यांच्याशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय आहे. ग्रंथ कोणत्या व्याकरणात लिहिला यापेक्षा तो कोणाच्या वतीने लिहिला, ही कसोटी त्यांनी पुढे केली.

या वादाला काळाने जोडलेली एक पुस्तीही ध्यानात घेतली पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाच्या १४ लेखननियमांना १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाची मान्यता मिळाली. १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. त्यांनी व्युत्पत्तीमुळे दिले जाणारे, पण उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. विष्णुशास्त्र्यांच्या काळी ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आतां’ असे लिहिणे शुद्ध होते. आजच्या नियमांनी तपासल्यास ‘निबंधमाले’च्या पानापानावर चुका सापडतील. म्हणून विष्णुशास्त्री अशुद्ध लिहीत असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. त्यांना जो न्याय आपण सहज देतो तो फुले यांनाही देणे, एवढाच येथे मुद्दा आहे.

८. नायगावचे पत्र : वागणुकीतील ‘चूक’

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला. हे गाव सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात आहे. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण हेही याच जिल्ह्यातील, खटाव तालुक्यातले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या आणि १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध करणाऱ्या सावित्रीबाई १८५६ च्या ऑक्टोबरात आजारपणामुळे माहेरी आल्या होत्या. १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे.

या पत्रात भावाशी झालेला संवाद येतो. महार-मांगांसाठी तुम्ही करता ते काम कुळाला न शोभणारे आहे, जातीने तुम्हाला बहिष्कृत केले आहे, तेव्हा रूढीप्रमाणे वागावे, असा भावाचा सल्ला होता. भाऊ दुष्ट नव्हता. बहिणीच्या काळजीनेच तो बोलत होता. त्याच्या दृष्टीने बहिणीकडून वागण्याची चूक घडली होती आणि ती सुधारण्यासारखी होती. सावित्रीबाईंनी उत्तर देताना त्याचेच वागणे त्याच्यापुढे ठेवले. गाईशेळ्यांना तो माया लावतो, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतो. आणि आपल्यासारख्याच माणसांना मात्र अस्पृश्य मानतो. याचे कारण काय, असा त्यांचा प्रश्न होता.

सारथ्याचे उत्तर आणि सावित्रीबाईंचे उत्तर यांची घडण सारखी आहे. दोघांनाही ‘तू नियम मोडलास’ असे सांगितले गेले. दोघांनीही क्षमा मागितली नाही आणि नियम सांगणाऱ्याचा अपमानही केला नाही. दोघांनी नियमाचा आधार तपासायला लावला. सामाजिक चूक म्हणून जी दाखवली जाते ती नेहमीच चूक असते असे नाही. कित्येकदा नियमच चुकलेला असतो, हे या पत्रातून उमगते. सावित्रीबाईंचे लेखन वाचताना त्यातील वृत्ते आणि शब्दरूपे तपासणारी समीक्षा जरूर व्हावी. पण या तर्कशक्तीची दखल न घेता ती पुरी होणार नाही.

९. बोली, वर्ग आणि उत्तरपत्रिका

खंडाळा, वाई, फलटण, माण, खटाव या भागांतून महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘आणि’चे ‘आनी’ होते. ‘ण’च्या जागी ‘न’ हा महाराष्ट्रातील सर्वांत लवकर पकडला जाणारा उच्चारभेद आहे. त्यावरून बोलणाऱ्याचे गाव, जात आणि शिक्षण यांचे अंदाज क्षणात बांधले जातात. येथे इतिहासाची एक नोंद उपयोगी पडते. वररुचीच्या प्राकृतप्रकाशानुसार माहाराष्ट्री प्राकृतात ‘न’चा सर्वत्र ‘ण’ होतो. ‘नयन’ तेथे ‘णअण’ होते. संस्कृताच्या दृष्टीने तेव्हा तो ‘ण’ अपभ्रष्ट होता. आज प्रमाण मराठीच्या दृष्टीने बोलीतील ‘न’ अपभ्रष्ट आहे. ध्वनी जागा बदलत राहिले. त्यांच्यावरून माणूस जोखण्याची रीत मात्र कायम राहिली.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. सातारा-कोल्हापूरकडील बोलीत वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना क्रियापदाला ‘-सा’ लागतो : ‘कवा आलासा?’, ‘काय करतासा?’ हे आदराचे रूप आहे.  शिक्षकाशी बोलताना एखादा विद्यार्थी ‘सर, कवा आलासा?’ असे म्हणतो, तेव्हा तो आपल्या भाषेतील आदर व्यक्त करत असतो. ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र ते गावंढळ वाटते. म्हणजे बोलणाऱ्याच्या बाजूने जो शिष्टाचार आहे, तोच ऐकणाऱ्याच्या बाजूने शिष्टाचाराचा भंग ठरतो. येथे चूक कोणाची, याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळत नाही. आदराचे रूप टाकून द्यायला शिकलेला विद्यार्थी पुष्कळदा बोलणेच टाकून देतो. वर्गातील शांततेला आपण शिस्त समजतो. तिच्यात या भीतीचा वाटा किती आहे, याचा विचार अध्यापकाने करायला हवा.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. प्रमाणभाषेचा आग्रह सोडला तर नुकसान याच विद्यार्थ्यांचे होईल. स्पर्धा परीक्षा, न्यायालयातील अर्ज, नोकरीची मुलाखत, संशोधनलेख हे सर्व प्रमाणभाषेत चालते. शहरातील मुलाला ती घरी मिळते, खेड्यातील मुलाला वर्गाशिवाय दुसरी जागा नाही. हा आक्षेप पूर्णपणे मान्य करण्यासारखा आहे. वंचितांनी इंग्रजी शिकावे असे ‘काव्यफुले’मधून सांगणाऱ्या सावित्रीबाईंनाही तो मान्य झाला असता. प्रमाणभाषा शिकवावीच लागेल, आणि ती अधिक चांगली शिकवावी लागेल. मतभेद शिकवण्याविषयी नाही. तिचे कारण काय सांगायचे, याविषयी आहे. ‘तुझी भाषा अशुद्ध आहे म्हणून ही शिक’ असे सांगणे आणि ‘या कामासाठी ही भाषा लागते म्हणून ही शिक’ असे सांगणे, यांत यज्ञातील असुर आणि यर्वाणस्तर्वाण ऋषी यांच्याइतके अंतर आहे. पहिल्यात विद्यार्थ्याला एक भाषा गमवावी लागते. दुसऱ्यात त्याच्याजवळ दोन होतात.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) ‘अपशब्द’ ही संज्ञा मराठीत व्याकरणदोषाकडून अपमानाच्या शब्दाकडे सरकली. मात्र शब्दाच्या दोषात माणसाचा दोष पाहण्याची बीजे महाभाष्यातच आहेत. कारण तेथे अपशब्दाने अर्थबोध होतो हे मान्य करूनही तो धर्माच्या आधारे त्याज्य ठरवला आहे.

(२) त्याच परंपरेत प्रसंगानुसार भाषा बदलणारे ऋषी आणि प्रयोगाच्या बळावर वैयाकरणाला निरुत्तर करणारा सारथीही आहे. परंपरेचा आधार घ्यायचाच तर ही स्थळेही पुढे ठेवली पाहिजेत.

(३) फुले यांच्या लेखनावरील ‘निबंधमाले’च्या टीकेत व्याकरणदोषाचा उपयोग विधानाला उत्तर देण्याऐवजी विधान करणाऱ्याची योग्यता नाकारण्यासाठी झाला. समीक्षेच्या दृष्टीने हा युक्तिवाद सदोष आहे.

(४) अध्यापनात तीन गोष्टींसाठी तीन वेगळे शब्द वापरणे इष्ट ठरेल. लेखननियमांचा भंग असेल तेथे ‘नियमाप्रमाणे नाही’ म्हणावे. प्रादेशिक रूप असेल तेथे ‘बोलीतील रूप’ म्हणावे. आणि ‘अपशब्द’ हा शब्द दुसऱ्याला कमी लेखणाऱ्या बोलण्यासाठी राखून ठेवावा. शासकीय स्तरावर ‘लेखनविषयक नियम’ ही संज्ञा रूढ आहेच. तिच्या जागी ‘शुद्धलेखन’ म्हणत राहण्याचे कारण उरलेले नाही.

(५) भाषा व वाङ्मय सोडून इतर विषयांच्या उत्तरपत्रिका तपासताना आशयाचे आणि लेखननियमांचे गुण वेगळे मोजले जावेत. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला बोलीत उत्तर देण्याची मुभा असावी. भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत ‘-सा’ प्रत्ययासारखी स्थानिक रूपे उदाहरण म्हणून यावीत, म्हणजे विद्यार्थ्याला आपली बोली अभ्यासाचा विषय म्हणून भेटेल.

या व्यवस्थेत विद्यार्थ्याच्या ‘पानी’ या उच्चाराला अपशब्द म्हणता येणार नाही. त्या उच्चारावरून त्याला हसणाऱ्याचे बोलणे मात्र, शब्दाच्या आजच्या मराठी अर्थाने, त्या संज्ञेत बसेल.